मुख्याध्यापकांचीच बातमी छापता येईल?

तुमचा लेख कॉलेजच्या भित्तीपत्रकावरून कधी गुपचूप उतरवला गेलाय? अमेरिकेत १९८३ मध्ये मिझुरीतल्या हेझलवूड ईस्ट हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी मुलांच्या पेपरची दोन पानंच काढून टाकली. त्यात किशोरवयीन गर्भधारणा आणि आईवडिलांचा घटस्फोट यांवर लेख होते. विद्यार्थी कोर्टात गेले. १९८८ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळेच्या बाजूने निकाल दिला.

शेजारच्या कॅन्सस राज्याने मात्र १९९२ मध्ये कायदाच केला : विषय वादग्रस्त आहे, एवढ्याच कारणावरून विद्यार्थ्यांचा मजकूर अडवायचा नाही. बदनामीकारक मजकुराला सूट नाही. २०१७ मध्ये तिथल्या पिट्सबर्ग हायस्कूलच्या मुलांनी नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेच्या पदव्या तपासल्या आणि शंका थेट छापल्या. त्यांना राजीनामा द्यावा लागला.

तुमच्या वार्षिकांकात शेवटचा शब्द कोणाचा? एकदा विचारून बघाच.