पाच पायांचा रिले आणि 'आमचं आयपी'

परवा रात्री साडेदहाला ताईचा फोन. हॅलो नाही, काही नाही, एकदम, "तुझ्या भाच्याने टाकी वाहवली."

एप्रिल महिना, टँकरचं विकतचं पाणी, आणि ते पुण्यातल्या एका चार मजली सोसायटीच्या जिन्यावरून दोन तास खाली येत होतं. चिरंजीव इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला. टाकी भरली की पंप आपोआप बंद करणारा कंट्रोलर त्याने स्वतः बनवला होता. ताई सोसायटीची सेक्रेटरी, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. टेबलावर सगळं झकास चाललं. संध्याकाळी टाकी भरलेली असतानाच जोडणी केली, दिवा विझलेला, रिले गप्प, सगळं ठीक म्हणून मंडळी रिसेप्शनला गेली. खाली पंप मात्र चालू.

दुसऱ्या दिवशी तो बोर्ड घेऊन माझ्याकडे आला. मी बोर्ड उलटा करून पाहिला आणि अक्षरशः हसू की रडू असं झालं. हीच चूक मी २००९ साली केली होती. हाच पाच पायांचा निळा रिले, ज्याला बाजारात शुगर क्यूब म्हणतात.

नातेवाईक मंडळींसाठी थोडं थांबून सांगतो (बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल). सर्किट बोर्ड संगणकावर काढताना प्रत्येक पार्टची दोन चित्रं लागतात. एक सिंबॉल, म्हणजे नकाशातली खूण. दुसरा फुटप्रिंट, म्हणजे त्या पार्टचे पाय बोर्डावर नेमके कुठे टेकणार त्याचा ठसा, छिद्रांसकट. अशा चित्रांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात. आई ब्लाऊजचं कागदी कटिंग जपून ठेवायची ना, तसंच. कटिंग एकदा बरोबर जमलं की दहा वर्षं निर्धास्त. आणि तेच उलटं धरून कापलं तर दोन्ही बाह्या डाव्या.

तर या रिलेचं कटिंग उलटं धरणं फार सोपं आहे. बनवणारे लोक डेटाशीटमध्ये पायांची आकृती बहुतेक वेळा खालून पाहिल्यासारखी देतात. कोपऱ्यात बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. आपण ती वरून पाहिली असं समजून काढतो आणि ठसा आरशातला होतो. गंमत म्हणजे तरीही रिले चपखल बसतो! पाय दोन्ही बाजूंना सारखेच आहेत. कॉइलचे दोन पाय अदलाबदल झाले तरी कॉइलला फरक पडत नाही. कॉमन मधल्या रेषेवर, तो तिथेच राहतो. फक्त नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड एकमेकांच्या जागी जातात. म्हणजे रिले शांत असताना पंप चालू, आणि रिलेने टक् केलं की पंप बंद. सगळे अनुभवी लोक सांगतात की ठसा कागदावर एकास एक छापा आणि पार्ट ठेवून पाहा. मी २००९ मध्ये पाहिला होता. छान बसला होता.

तेव्हा मी एका छोट्या कंपनीत होतो. सीझनची घाई, नमुना न बनवता थेट दोनशे बोर्ड मागवले. मग तिघांनी मिळून तीन रात्री दोनशे बोर्डांवरचे ट्रॅक ब्लेडने कापले आणि वायरी टाकल्या. (प्रोग्राम उलटा केला असता तर? तर कंट्रोलर मेला की पंप सुरू. शेतकऱ्याच्या विहिरीवर असं देऊन चालत नाही.) त्यानंतर मी तो फुटप्रिंट दुरुस्त केला, त्यावर 'वरून पाहिलेला, २०० बोर्डांवर तपासला' असं लिहिलं, आणि पुढची पाच वर्षं त्या लायब्ररीत असेच पार्ट जमा करत गेलो. आमच्याच परिसरात वाइंड करून मिळणारा छोटा ट्रान्सफॉर्मर. पाठीमागे काहीही न छापलेला बझर. हिरवे टर्मिनल ब्लॉक, जे दुकानदार "पाच एमएम" म्हणून देतो पण त्यात काही ५.०० चे असतात आणि काही ५.०८ चे. दोन पायांचा असेल तर कळतही नाही. दहा पायांचा असेल तर शेवटपर्यंत पाऊण मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो आणि पार्ट छिद्रांत जातच नाही.

२०१४ साली कंपनी सोडताना मी साहेबांना विचारलं, यातले आठदहा पार्ट सगळ्यांसाठी खुले करू का? ते गंभीर झाले. म्हणाले, "अरे, हे आपलं आयपी आहे."

आज मला याच वाक्याशी भांडायचं आहे. हे वाक्य मी नंतर आणखी चार ठिकाणी ऐकलं आणि एकदा, लाज वाटते सांगायला, स्वतः म्हटलंही.

रिलेचे पाय किती अंतरावर आहेत यात कोणाची बुद्धी आहे? असलीच तर रिले बनवणाऱ्याची, आणि त्याने ती आकृती स्वतःहून छापून वाटली आहे. तुमचं सर्किट तुमचं, प्रोग्राम तुमचा, ग्राहक तुमचे, ते लपवा की! पण पायांचं माप हे माप आहे. ते लपवून तुम्ही स्पर्धकाचं काय नुकसान करता? तो एकदा दोनशे बोर्ड कापेल आणि शहाणा होईल. खरं नुकसान होतं ते तिसऱ्या वर्षाच्या पोराचं.

आता यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. कंपनीच्या लायब्ररीत पार्टशेजारी पुरवठादाराचं नाव, खरेदीचा भाव, पर्यायी पार्ट नंबर असं बरंच काही लिहिलेलं असतं. ते बाहेर जाऊ नये हे बरोबर. मग ते रकाने पुसा. अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरी भीती परवान्याची. "खुल्या लायब्ररीशी संबंध आला की आपलं डिझाइनही खुलं करावं लागेल." हे मी चांगल्या शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय. किकॅडच्या लायब्ररीचा परवाना उघडून वाचावा. तो क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे आणि त्यात मुद्दाम एक अपवाद लिहून ठेवला आहे की हे पार्ट वापरून केलेल्या बोर्डावर कसलंही बंधन येत नाही. लायब्ररीच बदलून पुढे वाटली, तर ती त्याच अटींवर वाटायची, एवढंच.

आणि किकॅडचं नाव निघालंच आहे तर... १९९२ साली ज्याँ-पिएर शारास या फ्रेंच प्राध्यापकाने ते सुरू केलं, पुढे सर्नसारख्या संस्थेने त्यात माणसं आणि पैसा घातला. पण त्याची लायब्ररी बरीचशी घडली ती तुमच्याआमच्यासारख्यांच्या फावल्या वेळात. तिथे फुटप्रिंट द्यायचा तर लेखी नियमावली पाळावी लागते, डेटाशीटचा दुवा द्यावा लागतो, आणि दुसरा कोणीतरी तपासल्याशिवाय तो आत जात नाही. या पाच पायांच्या रिलेचा ठसाही त्या लायब्ररीत आहे. भाच्याने तो घेतला असता तर जिना कोरडा राहिला असता. त्याने भलतीकडून उतरवला, कारण त्यासोबत थ्रीडी मॉडेल फार सुंदर होतं. फाईल कोणी काढली, कोणत्या डेटाशीटवरून काढली, एका तरी बोर्डावर बसवून पाहिली का, कशाचाच पत्ता नाही.

म्हणून न तपासता वाटणाऱ्यांवरही माझा राग आहे, पण तो कमी. त्यांनी निदान काहीतरी बाहेर ठेवलं, चूक कोणीतरी दाखवू शकतं. ज्यांच्याकडे तपासलेलं आहे ते कुलूप लावून बसलेत, ही खरी रड आहे. आपण सगळे त्या खुल्या लायब्रऱ्यांतून वर्षानुवर्षं हजारो पार्ट फुकट उचलतो. मोठ्या परदेशी कंपनीच्या चिपचा फुटप्रिंट आज दहा ठिकाणी मिळतो. तपकीर गल्लीत मिळणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा कुठेच मिळत नाही, आणि जर्मनीतला कोणी तो काढणारही नाही. त्याला तो पार्ट कधी दिसणारच नाहीये. तो आपणच काढायचा होता. गणपतीच्या मांडवात रोज प्रसाद खाऊन वर्गणीच्या वेळी दार न उघडणारे असतात, ते आपण.

बरं, कुलपात ठेवून ते टिकतं असंही नाही. आम्ही तेव्हा ईगल वापरायचो. २०१६ साली ते ऑटोडेस्कने घेतलं आणि २०२३ मध्ये जाहीर केलं की ७ जून २०२६ नंतर त्याला सपोर्ट नाही. माझी पाच वर्षांची मापं कुठल्या संगणकावर, कुठल्या 'न्यू फायनल २' नावाच्या फोल्डरात पडली आहेत कोण जाणे. ज्या साहेबांनी ती जपली त्यांनाही आता सापडणार नाहीत अशी माझी खात्री आहे.

असो. कंपनीची फाईल मी तेव्हाही उचलली नव्हती. या शनिवारी भाच्याला घेऊन तपकीर गल्लीत गेलो, ट्रान्सफॉर्मर, बझर आणि दोन्ही जातींचे टर्मिनल ब्लॉक विकत घेतले, आणि व्हर्नियर घेऊन दोघं जेवणाच्या टेबलावर बसलो. मापं त्याने घेतली, मी नुसता "वरून की खालून?" एवढंच विचारत होतो, शेवटी तो वैतागला. चार पार्ट झालेत. प्रत्येकावर लिहिलंय: पार्ट कुठून आणला, कोणत्या तारखेला मोजला, कोणत्या बाजूने पाहिला, किती बोर्डांवर बसवला. शेवटच्या रकान्यात सध्या चारही ठिकाणी शून्य आहे. बोर्ड पुढच्या आठवड्यात येतील, तोवर शून्यच राहील.

ताई, टँकरचे निम्मे पैसे मी देतो. नाही म्हणू नकोस.