एका कानाला दोन तारखा कशासाठी?

नवजात अर्भकांच्या श्रवणचाचणीची बातमी आली की मथळा ठरलेला असतो: यंत्र स्वदेशी आहे, स्वस्त आहे. जुलै 2017 मध्ये ‘सोहम’ यंत्राचे अनावरण झाले तेव्हाही तेच झाले. यंत्र चांगलेच आहे. श्रवणमार्गाचे विद्युत्-तरंग ते टिपते. पण ते काय मोजत नाही, हा प्रश्न कुणी विचारलेला मला तरी दिसला नाही.

वस्तुनिष्ठ चाचण्या प्रामुख्याने दोन. पहिली ओएई: निरोगी कर्णशंखातील बाह्य केशपेशी क्लिकला उत्तर म्हणून स्वतःच एक क्षीण ध्वनी बाहेर धाडतात. डेव्हिड केम्प यांनी 1978 मध्ये तो नोंदवला. दुसरी बेरा: त्याच क्लिकनंतर दहा-पंधरा मिलिसेकंदांत श्रवणचेता आणि मस्तिष्कस्तंभ यांत उठणारे तरंग त्वचेवरील इलेक्ट्रोडने टिपायचे. आपली रूढ रीत अशी की आधी ओएई, आणि त्यात अनुत्तीर्ण होईल त्याच बाळाची बेरा. ही रीत काटकसरीची म्हणून मिरवते. मला ती तर्कदुष्ट वाटते.

ऑडिटरी न्यूरोपॅथी या विकारात कर्णशंख उत्तम प्रतिसाद देतो, पण पुढे चेतेतला संदेश विस्कळीत होतो. तीव्र काविळीतून वाचलेल्या बाळांत हा धोका अधिक. असे बाळ ओएईत उत्तीर्ण होऊन घरी जाते. बेरापर्यंत पोहोचतच नाही. अतिदक्षता विभागातील बाळांची थेट बेरा करावी, असे अमेरिकी संयुक्त समितीने 2007 मध्येच सांगितले आहे, हे मान्य. पण मग प्रतिध्वनी मोजला न गेल्याने दोष कर्णशंखात की चेतेत, हे कळत नाही. उलट, कानात जन्मवेळचा स्राव साचलेले निरोगी बाळ ओएईत नापास ठरते आणि ‘पंधरा दिवसांनी या’ असे ऐकून परतते. नवा रायपुरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांवरून हे वाक्य निरुपद्रवी वाटते. जगदलपूर इथून सुमारे 300 किलोमीटर आहे. ती माता परत येईलच, हे कोण गृहीत धरतो?

आता भौतिकी पाहा. बेराचा तरंग एक मायक्रोव्होल्टहूनही लहान. तो गोंगाटातून वर काढण्यासाठी सुमारे 2000 क्लिकांची सरासरी घ्यावी लागते, तेव्हा गोंगाट जेमतेम 45 पट घटतो. तेच क्लिक कानातल्या सूक्ष्म मायक्रोफोनलाही ऐकू येत असतात. म्हणजे ओएईची नोंद जवळजवळ फुकट मिळते, तीही त्याच झोपेत, प्रोबच्या त्याच स्थितीत. वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या दोन निकालांची तुलना करताना नेमके हेच हरवते.

अडचणी नाहीत असे नाही. श्रवणपरीक्षणासाठी बेरा 35 डेसिबलच्या क्लिकवर घेतात, ओएईला त्याहून मोठा आवाज लागतो. तेव्हा दोन पातळ्यांचे क्लिक आळीपाळीने द्यावे लागतील. इअरफोनचे विद्युत्क्षेत्र इलेक्ट्रोडमध्ये शिरते. त्यावर क्लिकची ध्रुवता उलटसुलट करण्याचा उपाय जुनाच आहे. बाळ हलले तर बेरा बिघडते, वॉर्डात गलका झाला तर ओएई. ही सारी अभियांत्रिकीची कामे आहेत, ‘परवडत नाही’ म्हणून सोडून देण्याची कारणे नव्हेत.

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि जन्मजात बहिरेपण त्याच्या यादीत पहिल्यापासून आहे. यंत्रखरेदीच्या पुढच्या निविदेत एकच अट घाला: एकाच क्लिकमालेतून दोन्ही नोंदी, एकाच बैठकीत, आणि दोन्हींचा निकाल आईच्या हातातल्या एकाच कागदावर.