प्रतिकृतीच्या खालचे शहर

विमानांच्या प्रतिकृती जोडण्याचा छंद साहित्यचर्चेत सहसा येत नाही. तो प्रौढांचा पोरखेळ समजला जातो. दुसऱ्या महायुद्धातील ‘लँकेस्टर’ या ब्रिटिश बॉम्बफेकी विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती जोडून रंगविल्यानंतर आमचे मत निराळे झाले आहे. वास्तववादाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा, दोन्ही त्या टेबलावर आम्हांस स्पष्ट दिसली.

आधी सामर्थ्य. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ३१ मीटर. प्रतिकृतीत तो ४३ सेंटिमीटर होतो. वरचे अंग मातकट तपकिरी व गडद हिरवे. बाजू आणि पोट मात्र रात्रीत मिसळून जावे म्हणून काळे. पण अस्सल काळा रंग लावला की विमान खेळण्यासारखे दिसते. इतक्या लहान वस्तूकडे आपण दूरच्या विमानाकडे पाहावे तसे पाहतो, आणि अंतराने रंग फिकटतात. म्हणून काळ्यात करडा मिसळावा लागतो. मग इंजिनांच्या धुराचे डाग, पावलांनी झिजलेला रंग. खरे वाटण्यासाठी खऱ्यापासून किंचित ढळावे लागते, हे कथाकारास सांगावयास नको.

आता मर्यादा. या विमानातून सात जण जात. ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० उड्डाणकर्मींपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. त्यांच्यासाठी प्रतिकृतीत जागा आहे: जेमतेम अडीच सेंटिमीटर उंचीची माणसे, शेपटाकडे एकटाच बसलेला बंदूकधारी. खाली जे होते त्यांचे काय? विमान साधारणतः २०,००० फुटांवरून जात असे. त्याच प्रमाणात शहर मांडायचे तर ते टेबलाखाली सुमारे ८५ मीटरवर ठेवावे लागेल. म्हणजे प्रमाण जितके काटेकोर, तितके शहर खोलीबाहेर. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील हल्ल्यांत तीस हजारांहून अधिक माणसे मेली. ती या मांडणीत बसतच नाहीत.

शहराची एकच खूण प्रतिकृतीवर असते. विमानाच्या नाकाजवळ लहान बॉम्बच्या चित्रांची रांग रंगवलेली असे. एक चित्र म्हणजे एक मोहीम. लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयातील लँकेस्टरवर अशी शंभराहून अधिक चित्रे आहेत. आमच्या संचात ती पाण्यात भिजवून सरकवायच्या चिकटचित्राच्या रूपाने आली. रांग सरळ बसावी म्हणून आम्ही श्वास रोखून धरला होता. ती कशाची मोजदाद आहे, हे चित्र वाळल्यावर सुचले.

डब्ल्यू. जी. झेबाल्ड यांनी १९९७ मध्ये झ्युरिच येथील व्याख्यानांत युद्धोत्तर जर्मन साहित्य या विध्वंसाविषयी इतके मूक का, असा प्रश्न उपस्थित केला होता. तेथे शहरे लेखकांच्या डोळ्यांसमोरच जळाली होती. तरीही ती लेखनाबाहेर राहिली. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीची परीक्षणे लिहिताना पोशाख, शस्त्रे, किल्ल्यांचे बुरूज यांच्या अचूकपणाला आपण मनापासून दाद देतो. ती दाद अस्थानी नाही. अचूकपणा हा कष्टाने मिळवलेला गुण आहे. परंतु तो समीक्षकालाही गुंगवतो. तपशील अचूक आहेत, एवढ्यावर परीक्षण संपू नये. या प्रमाणात कोण मावले नाही, हेही विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी प्रत्येक वेळी विचारावे, असे आम्हांस वाटते.