एका 'लाइक'चा जामीन

गेल्या जुम्म्याला आमच्या बोईसरच्या ग्रुपवर पुन्हा तीच मागणी आली. कुणीतरी कुठेतरी आपल्या रसूलुल्लाहंबद्दल गलिच्छ पोस्ट टाकली होती, तिचा स्क्रीनशॉट फिरत फिरत आमच्यापर्यंत पोचला होता आणि खाली धडाधड मेसेज पडत होते : कडक कायदा पाहिजे, आत टाका, नेट बंद करा त्याचं. मी एवढंच लिहिलं, "पालघर विसरलात का?" एक अंगठा आला, बाकी सगळे गप्प. म्हणून इथे लिहिते.

17 नोव्हेंबर 2012 रोजी बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा, मुंबई बंद. पालघरच्या (तेव्हा आपण ठाणे जिल्ह्यातच होतो) एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर विचारलं, हा बंद कशासाठी? तिच्या मैत्रिणीने ते लाइक केलं. लिहिणारी मुसलमान, लाइक करणारी हिंदू. जमाव जमला, मुलीच्या काकांचा दवाखाना फोडला. 19 तारखेला अटक झाली ती दोघी मुलींना. प्रत्येकी पंधरा हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या.

कलमं कोणती लावली ते नीट वाचा. सुरुवातीला लावलं 295 अ, म्हणजे धार्मिक भावना दुखावणं. बंद का, या प्रश्नाने कोणता धर्म दुखावला ते अल्लाहला ठाऊक. पुढे ते बदलून 505 (2) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 अ लावलं. आमच्या ग्रुपवर दर महिन्याला ज्या कलमाची मागणी होते, त्याच कलमाने आपल्याच गावातल्या मुलीचं नाव पोलिसांच्या कागदावर चढलं होतं. छडी मागताना ती कुणाच्या हातात जाणार आणि कुणाच्या पाठीवर पडणार, हा विचार आपण करतच नाही.

देशभर ओरड झाली. पोलीस अधिकारी निलंबित झाले, प्रकरण मागे पडलं. दिल्लीची कायद्याची एक विद्यार्थिनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी 66 अ रद्द केलं. या कलमात 'त्रास', 'गैरसोय' असे शब्द होते. मी मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते. नववीच्या वह्या तपासताना मला रोज त्रासही होतो आणि गैरसोयही. न्यायालयाने म्हटलं ते साधं होतं : चर्चा वेगळी, एखाद्या मताचा आग्रह धरणं वेगळं आणि चिथावणी वेगळी. गुन्हा फक्त तिसऱ्यापाशी सुरू होतो. तरीही सहा वर्षांनी, 2021 मध्ये, मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात आहेत हे ऐकून त्याच न्यायालयाला धक्का बसला. ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं की हे कलम लावू नका.

"मग काय, मोकाट सोडायचं?" असं एका भाईंनी मला खासगीत विचारलं. नाही. गडचिंचले आपल्यापासून किती लांब आहे? 16 एप्रिल 2020 ला, लॉकडाऊनमध्ये, चोर फिरताहेत अशा अफवांच्या वातावरणात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरचा जीव घेतला. त्यानंतर दुसरी अफवा सुटली. व्हिडिओत कुणीतरी ओरडत होतं, "ओए बस, ओए बस". त्याचं लोकांनी 'शोएब' ऐकलं आणि दोन दिवसांत आख्ख्या देशात गुन्हेगार ठरले मुसलमान. गृहमंत्री अनिल देशमुखांना अटकेतल्या 101 जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकही मुसलमान नाही. थांबवण्यासाठी मारलेल्या हाकेचं नाव झालं! तो 'शोएब' लाखो फोनवर पोचवणाऱ्या यंत्राला मात्र कुणी बोलावून विचारलं नाही की बाबा, हे एवढं पुढे का ढकललंस? व्हॉट्सॲपने 2018 मध्ये फॉरवर्डवर पाचची मर्यादा घातली, 2020 च्या एप्रिलमध्ये फार फिरलेल्या मेसेजवर एकाची. दोन्ही वेळा निर्णय कंपनीचाच.

माझं भांडण इथे आहे. आपला कायदा बोट दाबणाऱ्याला पकडतो, यंत्राच्या मालकाला पकडतो ते मुख्यतः 'हे काढ' म्हणण्यासाठी. सरकार सांगेल ते काढा. का काढलं ते लिहिणाऱ्याला कळो न कळो. आपल्याविषयीचं खरं काय, खोटं काय हे ठरवायला सरकारने स्वतःचंच फॅक्ट चेक युनिट काढलं होतं. ते मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये रद्द केलं म्हणून बरं.

युरोपचा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट 17 फेब्रुवारी 2024 पासून पूर्ण लागू आहे. बेकायदा काय, याची नवी यादी त्याने केलेली नाही. ते ज्या त्या देशाच्या कायद्यावर सोडलं. त्याने कंपनीला कामाला लावलं. पोस्ट काढली तर कारण द्या. तक्रार ऐका, आणि नुसत्या यंत्राकडून निकाल देऊ नका. पटलं नाही तर माणसाला बाहेरच्या तंटा निवारण संस्थेकडे जाता येतं. साडेचार कोटींच्या वर वापरणारे असतील तर तुमच्या यंत्रामुळे समाजाला काय धोका आहे ते दरवर्षी तपासा. दंड जगभरच्या उलाढालीच्या सहा टक्क्यांपर्यंत.

तिकडे जन्नत आहे असं नाही. चौकशी करणारा आयोग आणि मोठ्या कंपन्यांना दंड लावणाराही तोच, हे मला खटकतं. कंपन्या कोर्टात भांडतात. सप्टेंबर 2025 मध्ये झालांडो हरली. त्याच महिन्यात देखरेखीच्या शुल्काची पद्धत चुकीच्या मार्गाने ठरवली म्हणून मेटा आणि टिकटॉक आयोगाविरुद्ध जिंकल्या. मला यातली दुसरी बातमी जास्त आवडली. कंपनीला धरणाऱ्यालाही कुणीतरी धरतं. फलस्तीनबद्दलच्या पोस्ट मेटाने कशा दाबल्या, यावर ह्यूमन राइट्स वॉचने डिसेंबर 2023 मध्ये अहवाल काढला होता. तेव्हा आमच्या ग्रुपवरचे हेच भाई 'आवाज दाबला' म्हणत होते. बरोबरच म्हणत होते. पण मग तो आवाज कुठल्या दारात न्यायचा? आत टाकायला कडक कायदा मागणाऱ्यांनी हे दार कधी मागितलं?

आमच्या गल्लीत एक बाई घरी बसून बुरखे आणि लहान मुलींचे फ्रॉक शिवतात. गिऱ्हाईक सगळं फोनवरचं. मार्चमध्ये एका सकाळी त्यांचं खातं बंद. नियमभंग म्हणे, कोणता, ते लिहिलेलं नाही. मी त्यांच्यासाठी तीन वेळा तक्रार भरली, तिन्ही वेळा मिनिटाभरात तेच छापील उत्तर आलं. परवा त्या पुन्हा आल्या, सोबत फुलस्केप कागद. म्हणाल्या, "मॅडम, साधा अर्जच लिहून द्या, रजिस्टर पोस्टाने पाठवते." मी 'प्रति' लिहिलं आणि पेन तिथेच थांबलं. शेवटी त्याच म्हणाल्या, "मा. महोदय लिहा, कोणीतरी असेल ना."