नळी कुणासाठी?

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर बाजूला पसरू लागला की मूत्रवाहिन्या कचाट्यात सापडतात. किडनीकडून मूत्राशयाकडे येणाऱ्या या नळ्या गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जातात. त्या दाबल्या गेल्या की लघवी मागे तुंबते, किडनी फुगते, तिचं काम मंदावल्याची खूण असलेलं रक्तातलं क्रिएटिनिन चढतं. अंगावर जातंय हे कुणाला न सांगता महिनोन्‌महिने काढलेली बाई कधीकधी दवाखान्यात येते तीच ओकाऱ्या आणि आटलेली लघवी घेऊन. मग विचारलं जातं, पाठीतून किडनीत नळी घालायची का?

काम तसं फार मोठं नाही. जागा बधिर करायची, सोनोग्राफीत बघत सुई आत न्यायची, नळी बसवून बाहेर पिशवी जोडायची. बहुतेकदा दोन्हींतली बरी किडनी मोकळी केली तरी भागतं. मूत्राशयातून वर स्टेंट सरकवता आला तर पिशवीची कटकट नाही. पण बाहेरून गाठ दाबत असेल तर तो पुष्कळदा चढत नाही, चढला तरी बंद पडतो.

आजार नव्याने कळला असेल आणि रेडिएशन व्हायचं असेल, तर घोळ घालू नये. फुगलेली किडनी म्हणजे तिसरा टप्पा, शेवट नव्हे. टाटा मेमोरियलने तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचं औषध घेतलेल्यांपैकी ५४ टक्के पाच वर्षांनंतर हयात होत्या, नुसतं रेडिएशन घेतलेल्यांपैकी ४६ टक्के. तुंबलेल्या किडनीच्या बाईला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण सिस्प्लॅटिन मिळायचं तर किडनी चालायलाच हवी, आणि तिथे नळी उपचाराचं दार उघडते.

खरा पेच रेडिएशन होऊन गेल्यावर आजार उलटतो तेव्हाचा. करण्याजोगं फारसं उरलेलं नसतं. किडनी हळूहळू थांबली तर ग्लानी येते, माणूस झोपेत सरकत जातो. नळीने मिळालेल्या महिन्यांत मात्र कंबरेच्या कळा, रक्तस्राव, दुर्गंधी हे सगळं जागेपणी सोसावं लागतं. म्हणून अशा वेळी नळी घालू नये असं मानणारे डॉक्टर निष्ठुर नसतात. पण किडनी निकामी होऊन येणारा मृत्यू दर वेळी शांत असतो, हेही खरं नाही. दम लागतो, मळमळ थांबत नाही, शिवाय मॉर्फिन अंगात साचू लागतं. खेड्यापाड्यांत वेदनेवर स्वस्त आणि खात्रीचं औषध तेच. किडनी गेली की त्याचाही हिशेब बिघडतो. त्यामुळे 'बरं होणार नाही, मग नळी कशाला' हा युक्तिवाद दिसतो तितका सरळ नाही.

नळीचा संसारही सांभाळावा लागतो. साधारण तीन महिन्यांनी ती बदलायची. मध्येच निसटते, पू होतो, हुडहुडी भरून ताप येतो. रात्री अकरा वाजता नळी निघाली तर तालुक्याच्या गावी ती परत घालणारा कुणी नसतो. जिल्ह्याला गाडी करायची आणि घरातल्या एकाची मजुरी बुडवायची.

माझ्या मते आजार उलटलेल्या बाईला नळी आपोआप घातली जाऊ नये, नाकारलीही जाऊ नये. तिला विचारावं. आपल्याकडे मुलगा किंवा नवरा सही करतो आणि तिला 'लघवीचा थोडा त्रास आहे' एवढंच सांगितलं जातं. पिशवी तिच्या अंगावर लटकणार, तर 'आईला काही सांगू नका' ही विनंती डॉक्टरांनी इथे तरी मोडावी. ती नको म्हणाली, तर किडनीला झेपेल असं वेदनाशामक, ओकारीवरचं औषध आणि घरी येणारी नर्स यांची सोय झाल्याशिवाय तिला घरी धाडणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं.

हे बोलणं क्रिएटिनिन नऊवर गेल्यावर, कॅज्युअल्टीच्या दारात होऊच शकत नाही. सोनोग्राफीत किडनी पहिल्यांदा फुगलेली दिसते त्याच आठवड्यात, बाई अजून उठून बसत असताना, ते व्हायला हवं.