तोरणा ते राजगड : मोठ्या चढाईपूर्वीचा एक दिवस

दिवाळीची लगबग सरली, वहीपूजन झाले आणि दुकानातील गर्दी ओसरली की व्यापारी घरांत उन्हाळ्यातील प्रवासाची बोलणी सुरू होतात. या बोलण्यांत पूर्वी सिमला-मनालीची नावे असत. आता चाळिशी-पन्नाशीतील मित्रमंडळी एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळाचे, म्हणजे 5,364 मीटर उंचीवरील मुक्कामाचे बेत आखताना दिसतात. हौस चांगलीच आहे. आगाऊ रक्कम भरली जाते, बूट आणि लोकरी कपडे येतात. तयारी मात्र पुष्कळदा बागेतील सकाळच्या चार फेऱ्यांवरच थांबते.

सपाट जमिनीवर तासभर चालणे प्रकृतीला हितकारक असले, तरी हिमालयातील पदभ्रमण त्याहून निराळे आहे. तेथे सहा-सात तास चढउतार करावा लागतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच. वर्षानुवर्षे गादीवर बसून व्यवहार पाहणाऱ्या शरीराला ही सवय एकाएकी होत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा तरी पूर्ण दिवसाची चाल घडावी लागते. पुणे परिसरातील लोकांना अशी वाट घराजवळच उपलब्ध आहे : तोरणा ते राजगड.

वेल्ह्याहून पहाटे निघावे. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा आणि मेंगाई देवीचे मंदिर गाठेपर्यंत सुमारे 700 मीटरची चढण होते. तेथून बुधला माचीकडे वळावे. माचीखालची उतरण घसाऱ्याची आहे. पुढे दोन्ही किल्ल्यांना जोडणारी लांबच लांब डोंगरधार लागते. शेवटी राजगडाची संजीवनी माची आडवी येते. अळू दरवाजाने आत शिरून पद्मावती माचीवर पोहोचले की गुंजवण्याची किंवा पालीची वाट उतरायची. सारा हिशेब दहा-बारा तासांचा.

हा हिशेब अंदाजपंचे करू नये. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 मध्ये एक साधा नियम सांगितला. दर 5 किलोमीटर अंतरास एक तास, आणि दर 600 मीटर चढणीस आणखी एक तास. विश्रांती आणि न्याहारी यांचा वेळ त्यात धरलेला नाही. नवख्यांनी येणाऱ्या आकड्याची दीडपट करावी. डिसेंबरात पुणे परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपण्याचा ज्यांच्या घरी नेम आहे, त्यांना उजेडाचे मोल वेगळे सांगायला नको. म्हणून साडेआठच्या सुमारास तोरणा, दुपारी तीनच्या आत संजीवनी माची, आणि चारला राजगडाचा निरोप, असे टप्पे आदल्या रात्रीच कागदावर उतरवून घ्यावेत. तरीही सॅकमध्ये बॅटरी असावीच.

अशा दिवसाचा खरा लाभ चढणीपेक्षा उतरणीत होतो. चढताना धाप लागते, त्यामुळे मनुष्य आपोआप थांबतो. उतरताना श्वास शांत असतो; भार मात्र मांड्यांच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर पडतो. स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीर सावरून धरावे लागते. या श्रमाचे दुखणे त्याच दिवशी फारसे जाणवत नाही. एक-दोन दिवसांनी दुकानाची पायरी उतरताना जाणवते. निसर्गाची एक कृपा अशी की, काही आठवड्यांच्या आत तसाच उतार पुन्हा उतरला तर दुखणे पुष्कळ कमी होते. महिन्याच्या अंतराने चाल ठेवण्याचे कारण हेच. दोन हातकाठ्या वापरल्या तर गुडघ्यांचा भार हलका होतो.

खाण्याचेही शिक्षण याच वाटेवर मिळते. भूक लागण्याची वाट पाहू नये. तासा-तासाने थोडे तोंडात टाकावे. खाखरा, मेथीचे ठेपले, सुखडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर हे आपल्या घरातले पदार्थ या कामी उत्तम आहेत; ते टिकतात आणि हलकेही असतात. मधल्या धारेवर भरवशाचे पाणी नाही, म्हणून प्रत्येकाने तीन-साडेतीन लिटर पाणी सोबत घ्यावे. घामावाटे मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिल्याने ती तूट भरून येत नाही. लिंबू-मीठ-साखरेचे पाणी जवळ असावे.

मित्रांसमवेत जाण्यात आनंद आहे, तशी एक अडचणही आहे. पाचजणांत एक नेहमी पुढे असतो आणि एक मागे. पुढचा थांबून विसावा घेतो. मागचा येऊन टेकतो न टेकतो तोच पुढचा उठून चालू लागतो. ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून सर्वांत सावकाश चालणाऱ्यास दुसऱ्या क्रमांकावर ठेवावे, त्याच्या गतीने सर्वांनी चालावे, आणि शेवटी अनुभवी मनुष्य असावा.

तोरणा आणि राजगड यांमधील धारेवर एके ठिकाणी डांबरी रस्ता आडवा जातो. या दिवसाची कसोटी त्याच ठिकाणी लागते. सकाळपासून कुणाचा तरी गुडघा दुखत असतो, किंवा कुणाला मळमळत असते. त्या मित्राने अद्याप कुणाला काही सांगितलेले नसते. बाजारात तोटा चेहऱ्यावर दिसू न देण्याची सवय व्यापाऱ्यास लहानपणापासून लागते. तेथे त्या सवयीने पत राहते. डोंगरात तीच सवय घातक ठरते. रस्त्यापर्यंत गाडी बोलावता येते. पुढे संजीवनी माचीच्या चढणीत पाय निकामी झाला, तर त्याला उचलून आणावे लागते. म्हणून वेल्ह्यास निघण्यापूर्वीच चार गोष्टी ठरवाव्यात. रस्त्याशी प्रत्येकाने आपली अवस्था खरी सांगायची. ठरल्या वेळेपेक्षा तासभर उशीर झाला असेल तर सर्वांनीच तेथून परतायचे. एकटा परतणाऱ्यास कारण विचारायचे नाही, थट्टा करायची नाही. आणि त्याला एकट्याने जाऊ द्यायचे नाही. एकाने त्याच्यासोबत जायचे.

हा नियम किरकोळ वाटतो. त्याची किंमत हिमालयात कळते. सह्याद्रीतील चाल पाय घडवते, श्वासाला वळण लावते. विरळ हवेची सवय मात्र ती देऊ शकत नाही. तोरणा सुमारे 1,400 मीटर उंच आहे, महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर. एव्हरेस्टच्या तळावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, आणि शंभर वेळा राजगड चढलेल्या तरुणासही तेथे डोकेदुखी होऊ शकते. त्यावर उपाय एकच, सावकाश चढणे. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. डोकेदुखी, मळमळ, चालताना तोल जाणे ही लक्षणे असताना वर जाऊ नये. ती वाढली किंवा तोल जाऊ लागला, तर विलंब न करता खाली उतरावे. हे न केल्यास फुप्फुसांत पाणी साठू शकते, मेंदूला सूज येऊ शकते, आणि त्यांतून प्राणही जातात. तेथे वाटाड्या आणि डॉक्टर असले, तरी रात्री तंबूत डोके ठणकते आहे हे स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते. जो सह्याद्रीतील धारेवर गुडघ्याचे दुखणे मित्रांपासून लपवतो, तो पाच हजार मीटरवरही डोकेदुखी लपवतो.

मे महिन्यात निघणाऱ्यांनी डिसेंबरापासून दरमहा एक दीर्घ चाल ठेवावी आणि मधल्या रविवारी सिंहगड चढावा. फेब्रुवारीनंतर ऊन तापते. तेव्हा चाल लहान करून पहाटे आटोपावी आणि सॅकचे वजन थोडे वाढवावे. चाळिशी ओलांडलेल्यांनी आरंभीच हृदयाची तपासणी करून घ्यावी. मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून पैसे भरू नयेत. घरी परतल्यावर एका वहीत टिपून ठेवावे : कोणता टप्पा किती वेळात झाला, पाणी किती लागले, कुणाला कोठे त्रास झाला, आणि तो त्याने केव्हा सांगितला. तीन-चार महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या की कुणी मोठ्या प्रवासास निघावे आणि कुणी आणखी एक वर्ष थांबावे, हे मित्रांना आपसांत, मन न दुखवता ठरवता येते.