टर्बोचा प्लग उन्हावर ठरत नाही

मे महिन्यात नागपूरचा पारा 45च्या पुढे गेला, की टर्बो पेट्रोल गाडीवाल्याला एक सल्ला हमखास मिळतो : प्लग एक नंबर ‘थंड’ टाका आणि गॅप वाढवा, ठिणगी मोठी पडेल, पिकअप सुधारेल. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातला पहिला भाग बहुतेकांना गैरलागू आहे आणि दुसरा थेट नुकसान करणारा.

आधी गॅप. मोठ्या फटीतली ठिणगी मिश्रण सहज पेटवते, हे मान्य. बिनटर्बोच्या इंजिनात 1 ते 1.1 मिलिमीटर गॅप म्हणूनच चालते. मात्र फट ओलांडायला लागणारा व्होल्टेज लांबीइतकाच तिथल्या दाबावरही ठरतो; पाशेनने हे 1889 मध्येच दाखवलं. टर्बोने वातावरणापेक्षा 1 बार जास्त दाब दिला, की सिलिंडरमध्ये जवळपास दुप्पट हवा कोंबली जाते आणि कॉइलवरचा भारही तसाच चढतो. टर्बोत 0.7-0.8 मिलिमीटर गॅप ठेवतात ती यासाठी. वाढवलेली गॅप सीताबर्डीच्या गर्दीत कळत नाही. समृद्धी महामार्गावर ट्रकला ओव्हरटेक करताना पाय दाबला, बूस्ट भरला, की गाडी झटके देते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं.

आता ‘थंड’ प्लग. थंड-गरमचा ठिणगीशी संबंध नाही. टोकाची उष्णता प्लग किती लवकर हेडकडे सोडतो, एवढंच त्यातून कळतं. टोक साधारण 450 ते 850 अंशांत राहायला हवं : खाली काजळी धरते, वर मिश्रण ठिणगीआधीच पेटतं.

‘पण गरम हवेने नॉकिंग होतं ना?’ होतं. त्यावर उपाय इंटरकूलर. शिवाय नॉक सेन्सरच्या इशाऱ्यावर ईसीयू टायमिंग मागे घेतो. आत येणारी हवा प्लगला थोडंफार थंड करते, पण 2000 अंशांवरच्या ज्वाळेपुढे बाहेरच्या 20-25 अंशांचा फरक त्याच्या लेखी नगण्य आहे. मूळ ट्यूनच्या गाडीत गर्दीत रांगताना थंड प्लगवर काजळीच बसेल.

रीमॅप करून बूस्ट वाढवला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे एक पायरी थंड प्लग आणि 0.6-0.65 मिलिमीटर गॅप घेणं रास्त आहे. दुकानात मात्र नुसतं ‘एक नंबर वरचा द्या’ म्हणू नये : एनजीकेत 6 वरून 7 म्हणजे थंड, बॉशमध्ये 7 वरून 6. इरिडियम प्लगची गॅप नाण्यासारख्या गोल गेजने ताणूही नये. मधलं बारीक टोक तुटतं. तारेच्या गेजने हलकेच मोजावं.